पूर्ण्याचं चांदीचं भांडं

माझ्या वडिलांना दाढी फारशी यायचीच नाही. हनुवटीवर थोडे चुकार केस, कानाजवळ दोन-चार, बाकी गाल सपाट. बसस्टँडजवळचा न्हावी त्यांना खुर्चीत बसवून आधी चहा सांगायचा आणि चहा यायच्या आत मोकळा व्हायचा. अशा माणसानं जन्मभर चांदीचं दाढीचं सामान जमवलं. विलायती, जुनं, खऱ्या चांदीचं. साबणाच्या डब्या, ब्रशच्या मुठी, वस्तऱ्यांचे डबे, साबणाची कांडी ठेवायच्या नळ्या. आई त्या कपाटाकडे बघून म्हणायची, ‘‘तोंडाव केस न्हाय आन् कपाटात दुकान.’’ बाबा हसायचे. आमच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या, लूमच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं, पण आईची ही टीका त्यांना दरवेळी बरोबर ऐकू जायची.

आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची पुढची भिंत एकच होती. लूम चालू असले की फळीवरची भांडी हलत राहायची, आणि पाण्याच्या पेल्यात बारीक वर्तुळं उठायची. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. कुणाच्या घरी गेलो की यजमान दचकायचे. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. त्या दिवशी सकाळी जाग यायची ती शांततेनं. कढईत सुकट परतल्याचा आवाज, भाकरी थापताना आईच्या हातातल्या बांगड्या, शेजारच्या चाळीतल्या कामगारांचा रेडिओ, हे सगळं एकदम जवळ येऊन बसायचं. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी वालाचं बिरडं. बाबा जेवून उठायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि स्कूटरला किक मारण्याआधी मला म्हणायचे, ‘‘मंदा, चल.’’ मी आधीच पायात चप्पल घालून बसलेली असायची.

आम्ही निजामपुऱ्यात हमीदचाचांकडे जायचो. चाचांचं दुकान म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी एक लांबट अंधारी खोली. मुंबईतल्या जुन्या बंगल्यांचं, बंद पडलेल्या क्लबांचं सामान त्यांच्याकडे पोत्यांनी यायचं. बाबा पहिल्यांदा तिथे गेले ते लूमचे जुने सुटे भाग शोधायला. त्या ढिगात त्यांना काळी पडलेली एक छोटी डबी सापडली. झाकण फिरवलं तर ते लोण्यासारखं फिरलं. यंत्रात आयुष्य गेलेला माणूस, तो त्या आट्यांवरच भाळला. घरी येऊन त्यांनी ती डबी माझ्या कानाशी धरून उघडली-मिटली. ‘‘आटे बग. आवाज हाय का? न्हाय. कुनीतरी मन लावून कापलेत.’’ डबी कशाची हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. ती दाढीच्या साबणाची आहे, हे सांगितलं मुंबईच्या कापडबाजारातल्या एका म्हाताऱ्या पारशी गिऱ्हाइकानं. त्यानं कापडाच्या गठ्ठ्यावरच्या धुळीत बोटानं चार चिन्हं काढून दाखवली, आणि बाबा ती चिन्हं डोक्यात घेऊन घरी आले.

चालणारा सिंह असला की चांदी खरी. त्याच्याजवळ नांगर असला तर माल बर्मिंगहॅमचा, बिबट्याचं तोंड असलं तर लंडनचा. एक अक्षर वर्षाचं, दोन अक्षरं कारागिराची. झाकणावरही शिक्का आणि बुडावरही. दोन्ही जुळले तरच जोडी मूळची. चार अक्षरी इंग्रजी शिक्का आणि कडांना पिवळट झाक दिसली की नुसता मुलामा. हे शिक्के तिळाएवढे असतात. ते वाचायला बाबा पिक ग्लास वापरायचे, म्हणजे कापडाचे धागे मोजायचं आमचं घडीचं भिंग. ते त्यांच्या खिशात कायम असायचंच. पण त्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती, म्हणून भिंग त्यांचं आणि डोळे माझे.

‘‘पाटीलसेठ, आज खास चीज है,’’ चाचा पोत्यात हात घालत म्हणायचे. ‘‘नवाब साहब की होगी.’’

‘‘चाचा, पिछले हफ्ते भी नवाब की थी,’’ मी म्हणायची.

‘‘तो नवाब को दो गाल नहीं होते क्या?’’

मग मी दारात उजेडाला जाऊन बसायची, भिंग टेकवून डोळा लावायची. आधी सगळं धूसर, मग एकदम तो सिंह. एक पाय उचललेला, शेपूट पाठीवर. मी हसून बाबांकडे बघायची, आणि चाचा कपाळावर हात मारायचे, ‘‘ये लड़की का मुँह देखके मैं कभी भाव नहीं बोल सकता.’’ चहा यायचा, खारी यायची. परतताना मी मागे बसून वस्तू पोटाशी धरायची, आणि बाबा वाऱ्यात गाणं गुणगुणायचे. त्यांना वाटायचं, कुणाला ऐकू येत नाही.

आता इतक्या वर्षांनी खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. मी स्वभावानं अपराधी बाई आहे. रांगेत कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच ‘सॉरी’ म्हणते. माझ्या मुली हसतात. पण या स्वभावाचं मूळ त्या शुक्रवारांत आहे, असं मला वाटतं. कारण स्कूटरच्या मागे एकच जागा होती आणि ती माझी होती. रंजनाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती ओट्याशी असायची. आम्ही निघताना ती हात पुसत दारात यायची, ‘‘सावकाश जा गं,’’ म्हणायची आणि आत जायची. कधी तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी जेवताना बाबा मला त्या वस्तूबद्दल समजावून सांगायचे, आणि ताई आम्हाला वाढायची. एवढ्या सुखाच्या दिवसांबद्दल मी कधी कुणाजवळ बोलले नाही ते यामुळे. माझ्या वाटणीला जास्त आलं होतं, आणि ते कुणी मोजायला लागू नये असं मला वाटायचं.

ताईच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा एक-दोन ठिकाणांहून नकार आला. एकानं रंगावर बोट ठेवलं, दुसऱ्यानं काही कारणच दिलं नाही. ताईच्या हातच्या भाकऱ्या मात्र जाड व्हायला लागल्या. आणि मग जवळच्या पूर्णा गावातल्या वसंताचं नाव निघालं. वसंताचा टेम्पो आमच्या कारखान्यातून कापड न्यायचा. तागे भरताना तो मोठ्यानं आकडे म्हणायचा आणि मध्येच मुद्दाम चुकायचा. ओट्यावरून ताई त्याला दुरुस्त करायची. भिंतीआडून. असं किती महिने चाललं होतं हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. नाव निघालं त्या दिवशी भाकरी एकदम पातळ झाली, कागदासारखी. आई तवा बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघून तिनं भुवई उडवली.

वसंताच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी निरोप धाडला, की घरी सत्यनारायण आहे, सगळ्यांनी या, पूजेच्या निमित्तानं पोरगी बघणं पण होईल. आता पूर्ण्याला गेलं की दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंतीच दिसतात आणि ट्रकच्या रांगेत तासभर जातो. तेव्हा तात्यांच्या अंगणातून खाडीपर्यंत नुसती भातशेती होती. ताईनं आईची हिरवी साडी नेसली होती. स्कूटर घरी ठेवून आम्ही सगळे रिक्षातून गेलो, आणि वाटेत ताई एकदाच बोलली, ‘‘मंदे, माझे हात गार पडलेत बघ.’’ मी ते धरून बसले.

पूजा झाली, कथा झाली. भटजी तीर्थ द्यायला लागले. वसंताच्या आईनं, काकींनी, देवघरातून चांदीचं भांडं आणून त्यांच्या हातात दिलं होतं. मी ओंजळ पुढे केली आणि माझा हात तिथेच राहिला. गोल पोटाचं भांडं. एका बाजूला रुंद चोच. तोंडावर अर्ध्या भागात चांदीचीच एक जाळी, भोकाभोकांची. काकींनी त्या जाळीवर तुळशीची पानं रचली होती. दूध, दही, मध, सगळं त्या पानांवरून गळून खाली जात होतं आणि चोचीतून भटजींच्या पळीत येत होतं. इतकं नेटकं, की जणू ते त्याच कामासाठी घडवलं असावं. मी तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि बाबांकडे पाहिलं. ते भांड्याकडे बघत होते. देवाकडे बघावं तसे.

ते दाढीचं भांडं होतं. जाळीवर साबण ठेवायचा, पोटात गरम पाणी, चोचीतून ब्रश बुडवायचा. असं भांडं आम्ही चाचांच्या पोत्यांत वर्षानुवर्षं शोधत होतो आणि कधी सापडलं नव्हतं. आणि इथे भावकीतली पन्नासेक माणसं त्यातून तीर्थ पीत होती.

बाबांचं बघणं तात्यांनी हेरलं. ‘‘पाटील, तुमी चांदीतले जानकार, आयकलंय मी,’’ ते खूश होऊन म्हणाले. ‘‘ह्ये बगा. माझा आजा ठाण्याला साहेबाच्या बंगल्याव होता. साहेब विलायतेला जाताना म्हनला, ह्ये तुला. आज्यानं आनलं ते थेट देवाम्होरं ठेवलं. सांगा बरं, अस्सल हाय का न्हाय?’’

भांडं पुसून बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते उलटं केलं, खिशातून भिंग काढलं आणि मला दिलं. ‘‘वाच.’’

सगळी बैठक माझ्याकडे वळली. मी भिंग टेकवलं. ‘‘सिंह हाय,’’ मी म्हटलं. ‘‘नांगर हाय. खरी चांदी. बर्मिंगहॅम.’’ बायकांमध्ये कुजबुज झाली, तात्यांनी मांडीवर थाप मारली. भटजींनी सुद्धा मान डोलावली. मग तात्या पुढे वाकले. ‘‘आन् ह्ये साहेबलोकं कशाला वापरीत? त्यांच्या देवाला?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंग पुसायला लागले. मला समोर ताईचं लग्न दिसत होतं, मांडवासकट, आणि ते माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. खरं सांगितलं तर इथल्या देवाचा आणि घराण्याचा अपमान. खोटं सांगायला बाबांना येत नव्हतं आणि मला सुचत नव्हतं.

‘‘दाढीचं हाय ते,’’ कुणीतरी म्हणालं.

भिंतीशी, मान खाली घालून बसलेली ताई. आईनं तिला पदराआडून चिमटा काढलेला मी पाहिला, पण उशीर झाला होता.

‘‘काय म्हनली पोर?’’ काकींनी विचारलं.

ताईनं मान वर केली. ‘‘दाढीचं भांडं. जालीव साबन ठेवायचा, खाली ऊन पानी. चोचीत ब्रश बुरवायचा.’’ आणि वर म्हणाली, ‘‘लय चांगलं हाय. जाली आन् बूड दोनीव शिक्का असंल, तर मूलचं हाय.’’

मी जाळी वर करून पाहिलं. शिक्का होता.

मी थक्क झाले ते तेव्हा. ही आमची ताई, जिला आम्ही कधी एका शुक्रवारी नेलं नव्हतं. बाबा मला जे सांगायचे ते ती वाढता वाढता सगळं ऐकत होती. नंतर कळलं ते अजूनच वेगळं. गौरीच्या आधी आई घरातलं सगळं धातूचं सामान चिंच आणि राखेनं घासून काढायची, आणि राखेनं शिक्के झिजतात. दरवर्षी आईचा हात त्या कपाटाकडे वळायच्या आत ताई बाबांच्या वस्तू तांदळाच्या पिंपात लपवायची आणि मागून खडूच्या पुडीनं, मऊ सुती चिंधीनं पुसून जागच्या जागी ठेवायची. बाबा मला म्हणायचे, ‘‘बग, चांगली चांदी काली पन न्हाय व्हत.’’

बैठकीत तेवढ्यात भटजींनी पळी खाली ठेवली आणि ते काहीतरी शुद्धीचं पुटपुटायला लागले. आणि दारात प्रसादाचा ट्रे घेऊन उभा असलेला वसंत फस्सकन हसला. शिऱ्याच्या द्रोणांसकट हलायला लागला.

तात्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. मग भांड्याकडे. मग स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला. ‘‘आयला,’’ ते म्हणाले, ‘‘म्हनून आमच्या घरान्यात कुनाला मिशी नीट येत न्हाय.’’

मग जे हसू फुटलं ते ओटीवरून अंगणात गेलं. अंगणातल्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, तेही हसायला लागले. एक म्हातारे काका डोळे पुसत म्हणत होते, ‘‘आन् मी एवढी वर्सं डोक्याव हात फिरवतोय! उगाच न्हाय टक्कल परलं!’’ भटजी कसेबसे गंभीर राहिले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

एकट्या काकी हसत नव्हत्या. त्यांनी ताईला जवळ बोलावलं. ताई उठून त्यांच्यासमोर बसली. तिचे हात परत गार पडले असणार.

‘‘तुमच्या घरात ह्ये कुनाकुनाला म्हाईत?’’

‘‘बाबांना. मंदाला. मना.’’

‘‘मंग ती दोघं गप बसली. पोरगी दाखवायला आनलेली तू, आन् तूच कशाला बोललीस?’’

ताई म्हणाली, ‘‘उद्या ह्या घरात आले तर रोज दिवा लावताना हसू दाबत बसू का?’’

काकी मागे न बघता म्हणाल्या, ‘‘वसंता, ट्रे ठेव. नारल आन.’’ आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी ताईची ओटी भरली. वसंतानं नारळ आणताना उंबरठ्याला ठेच खाल्ली, तेव्हा परत हसू झालं.

भांड्याचं काय करायचं यावर जेवताना वाद झाला. कुणी म्हणे बदला, कुणी म्हणे वितळवा. वितळवा म्हटल्यावर बाबांचा घास हातातच राहिला. काकींनी भात वाढता वाढता निकाल दिला, ‘‘देवाला इतकी वर्सं चाललं. त्यानं तक्रार केली न्हाय, तुमी कशाला करता?’’ तात्यांनी फक्त एक अट घातली. हळदीच्या दिवशी आमच्यात नवऱ्याची दाढी मांडवात, चारचौघांत होते. ‘‘त्या दिवशी वसंताची दाढी त्यातनं व्हईल. मंग घासूनपुसून परत देवाकरं.’’

तसंच झालं. हळदीच्या सकाळी आमच्या घरी मांडवात दोनशे माणसांचं रांधणं चाललेलं, आणि मुलीचा बाप स्कूटर काढून पूर्ण्याला पळाला, मला मागे घेऊन. आई पातेल्याआडून ओरडत होती ती कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती. इतकी वर्षं बाबांनी हे सामान जमवलं, पण त्यातली एकही वस्तू काम करताना त्यांनी पाहिली नव्हती. वसंत पाटावर बसला होता. न्हावी ते भांडं हातात घेऊन कुरकुरत होता, की असल्या चोचीत माझा ब्रश जात नाही. बाबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात चांदीच्या मुठीचा ब्रश होता, त्यांच्या कपाटातला, त्यांचा सर्वांत लाडका. तो चोचीत अलगद गेला. वाफ आली, जाळीवर साबण फिरला आणि पांढरा, दाट फेस असा वर आला की बायका गायच्या थांबल्या. मग लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं तिथल्या तिथे साहेबाला गाण्यात घेतलं, विलायतेहून दाढीला आला म्हणून, आणि मांडव डोक्यावर घेतला. बाबा हात जोडल्यासारखे उभे होते. जोडलेत हे त्यांना ठाऊक नसावं.

नवऱ्याची उष्टी हळद वाटीत घेऊन आम्ही घरी परतलो. ताई पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, भोवती बायका. बाबा सरळ त्या गर्दीत शिरले आणि ताईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आणि बोलायला लागले. पाणी किती ऊन होतं, जाळीतून वाफ कशी आली, न्हाव्यानं आधी साबण उलटा कसा ठेवला, ब्रशचे केस ओले झाल्यावर कसे फुलले. मला त्यांनी एवढं एका दमात कधीच सांगितलं नव्हतं. ताई पुढे वाकून ऐकत होती. ‘‘फेस जालीच्या खाली गेला का वरच राह्यला?’’ तिनं विचारलं, आणि बाबा म्हणाले, ‘‘हां! ह्येच सांगतो तुला.’’ रुमाल उलगडून त्यांनी अजून ओला असलेला ब्रश तिच्या हातात दिला, आणि तिनं तो गालावर फिरवून बघितला. मी हळदीची वाटी घेऊन बाजूला उभी होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि मला इतकं हलकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

‘‘आवो, सरका!’’ आई ओरडली. ‘‘पोरीला हलद लावायची हाय!’’

‘‘थांब गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘अजून वस्तऱ्याचं सांगायचं ऱ्हायलंय.’’